तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं जाणारच असेल तर खेळतेस कशाला?

तुम्ही विचारलंत, ऑफिसात विचारलं, गणेश चवथीला घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. प्रश्न साधारण असा असतो की एकटीच फोनवर पत्ते खेळतेस, मेलीस की सगळं जातं आणि परत पहिल्यापासून, मग त्यात मिळतं काय? दुसरा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही पण चेहऱ्यावर दिसतो: पैसे लावतेस का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. मी खेळते तो पत्त्यांचा गेम, स्ले द स्पायर, एकदा विकत घेतला, त्यानंतर त्यात पैसा घालायला जागाच नाही. बलात्रो नावाच्या दुसऱ्या गेममध्ये पोकरचे हात आहेत, चिप्स आहेत, युरोपात त्याला आधी 18 वर्षांवरचं रेटिंग दिलं आणि 2025 मध्ये ते 12 वर आणलं, पण तिथेही खरा रुपया लावता येत नाही.

आता पहिला. स्ले द स्पायरमध्ये सायलेंट हे पात्र घेऊन सुरुवात केली की हातात 12 पत्ते, पाच वाराचे, पाच बचावाचे आणि दोन जरा बरे. प्रत्येक लढाईनंतर तीन पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्या किंवा काहीच घेऊ नका. नवीन माणूस दिसेल ते घेत सुटतो आणि मग नेमका हवा तो पत्ता तळाशी राहतो. म्हणून गेममधल्या दुकानात गेममधलीच 75 नाणी मोजून आपलाच पत्ता काढून टाकायचा, पुढच्या वेळी त्याचेच 100. आणि समोरचा शत्रू पुढच्या चालीत काय करणार, कितीचा फटका देणार हे त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं! लपवाछपवी नाही. पत्ते टाकायला तीन एनर्जी, हातात पाच पत्ते, आता सांग काय करतेस. दिवसभर कुंडईच्या लॅबमध्ये मी दुसऱ्याने लिहिलेली एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, ओळीने पाळते, तिथे मला काय वाटतं याला किंमत नाही. इथे प्रत्येक पत्ता मी ठरवून घेतलेला असतो, बस एवढंच आहे, आणि मला ते पुरतं.

पण एवढं सांगून तुमचं समाधान होत नाही, कारण आमच्या घराचं तुम्हाला माहीत आहे. 2012 ला खाणी बंद पडल्या, काकांचा खाणीवरचा ट्रक दारात उभा राहिला, शेवटी विकला, आणि ते पैसे मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर गेले. गोवेकरांना कसिनोत बंदी आली 2020 च्या फेब्रुवारीत. आमच्यासाठी फार उशिरा.

मागच्या चवथीला रात्री पुरुषमंडळी वसरीवर तीन पत्ती खेळत होती, मध्ये चटईवर नोटा पडलेल्या. मी आत गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते आणि समोर गेममधला एक मोठा शत्रू, टाइम ईटर, होता. तो तुमचे पत्ते मोजतो. बारावा पत्ता टाकलात की तुमची पाळी तिथेच संपते आणि त्याची ताकद वाढते. माझा डेक, म्हणजे जमवलेले पत्ते, सगळा छोट्या सुऱ्यांचा, म्हणजे एका पाळीत पत्तेच पत्ते, नेमका त्याच्यापुढे मार खाणारा. मोजणी नऊवर होती, हातात चार सुऱ्या आणि बचावाचा एक पत्ता, तीन टाकले की संपलं, म्हणून बचाव आधी की शेवटी असा विचार चालला होता. मागून आई म्हणाली, "कितले पयशे लायले गो?"

मी म्हटलं, यात पैसे नसतात. ती म्हणाली, गूगल पे दाखव.

तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिने फोन माझ्या धाकट्या भावाला दिला, आणि तो वीस माणसांच्या घरात माझे व्यवहार एकेक करून वाचत गेला. पेट्रोल, औषधं, मोबाइल रिचार्ज, एका मैत्रिणीला उसने दिलेले पैसे, जे कोणाला सांगायचे नव्हते. बाहेर नोटा टाकून खेळणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांच्या पत्त्यांना परंपरा म्हणतात. फोन परत मिळाला तेव्हा गेम बंद झालेला, आणि उघडल्यावर ती लढाई पहिल्यापासून सुरू. त्या रात्री मी हरले.

मला अजून राग आहे. पण त्या रागात मी जे सांगत फिरायचे, की हा निव्वळ डोक्याचा खेळ आहे, नशिबाचा संबंध नाही, ते आता म्हणवत नाही. कोणते तीन पत्ते समोर येणार हे माझ्या हातात नसतंच. आणि काका अजून सांगतात, त्या दिवशी एक डाव आधी उठलो असतो तर. मी मेल्यावर काय म्हणते? दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे गेमच्या दुसऱ्या टप्प्यात, तो पत्ता घेतला नसता तर. वाक्य तेच आहे. फरक आहे, मी तोच सीड, म्हणजे त्या डावाचा कोड, घालून तोच रन, म्हणजे तोच अख्खा डाव, परत खेळून बघू शकते, काकांना ती रात्र परत मिळणार नाही. हा फरक मला मोठा वाटतो. रात्री दोनला अजून एकच रन म्हणताना तो तेवढा मोठा वाटत नाही, आणि सकाळी साडेसातची बस चुकते तेव्हा वेळ फुकट असतो असंही मी म्हणू शकत नाही. तरी ट्रक आणि झोप एका तागडीत घालू नका, ते मी मान्य करणार नाही.

आई अजून मधूनच फोन मागते, मी देते. काका मात्र मागे एकदा बाजूला बसून बराच वेळ बघत होते आणि म्हणाले, मलाही शिकव. यात पैसा नाही, धोका नाही असं सगळ्यांना मीच सांगत असते, तरी त्यांना मी अजून शिकवलेलं नाही, आणि शिकवणार आहे का तेही ठरलेलं नाही.