हसलेला अनारसा

आमच्या घरात अनारसा बिघडत नसे, तो हसत असे. तुपात सोडल्याबरोबर ज्याचा काठ सुटतो, जो पसरत जातो आणि पाहता पाहता कढईभर चुरा होऊन तरंगू लागतो, तो अनारसा 'हसला' असे म्हणतात. चार दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत विरघळत असताना, करणारीला रडू यावे अशा क्षणी, हे क्रियापद कोणाला सुचले असेल याचे मला आता नवल वाटते. लहानपणी मात्र त्यात काही वावगे वाटत नसे, कारण अख्खे अनारसे डब्यात जात आणि हसलेले आमचे, म्हणजे माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे, असत.

मला स्पष्ट आठवतो तो १९८५ सालचा अधिक श्रावण. आम्ही तेव्हा कऱ्हाडला राहत होतो आणि आत्याचे लग्न होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण ३२-३३ महिन्यांनी पंचांगात एक महिना जास्तीचा धरतात, तो अधिक महिना किंवा धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला जाळीदार पदार्थाचे वाण द्यायचे, तेही ३३ नगांचे, अशी रीत आहे आणि अनारशाइतका जाळीदार पदार्थ आपल्याकडे दुसरा नाही. (कन्येचे कौतुक असे जावयाच्या ताटातून फिरून का येते, हा प्रश्न मी एकदा आजीला विचारला होता. उत्तरादाखल मला वेलदोडे सोलायला बसवण्यात आले.)

अनारसे दिवाळीतही होत, पण दिवाळीची हवा कोरडी असते. श्रावणात अनारसे करणे म्हणजे हवेशी भांडण. जुना, जाडा तांदूळ आई तीन दिवस पाण्यात भिजत घाली आणि रोज ते पाणी बदली. तरीही तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचे झाकण उचलले की एक आंबूस वास येई. अनारशाला जाळी पडते ती याच आंबण्याच्या जोरावर, त्यामुळे तो वास आला नाही तरच आई काळजीत पडे. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून तिच्या जुन्या, मऊ झालेल्या सुती लुगड्यावर सावलीत पसरायचा. खरी परीक्षा इथे असे. तांदूळ कडकडीत वाळला तर अनारसा दगडासारखा होतो आणि ओल जास्त राहिली तर तो हसतो. मुठीत धरल्यावर दाणे हाताला किंचित चिकटले पाहिजेत, पण पाणी जाणवता कामा नये. हा अंदाज आईने कधी शब्दांत सांगितला नाही. ती फक्त माझी मूठ उघडून पाही आणि "अजून नाही" किंवा "आता कुटू या" एवढेच म्हणे.

कुटलेले पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून त्यात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालायचे, घट्ट गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे आणि निदान चार-पाच दिवस त्याकडे पाहायचेसुद्धा नाही. मग तळणीच्या दिवशी गोळा मळून घ्यायचा. तो फारच कोरडा वाटला तर पिकलेल्या केळ्याचा नखाएवढा तुकडा त्यात कुस्करायचा. नखाएवढाच, कारण केळे जास्त झाले की अनारसा हसलाच म्हणून समजावे. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवरच्या तुपात सोडायचा आणि तो उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. बदामी रंग आला की अलगद उचलून चाळणीत उभा करून ठेवायचा, म्हणजे तूप निथळते.

त्या दिवशी बाहेर पावसाची झड लागली होती. आई कढईपाशी, आजी पाटावर बसून मोजणीला आणि आम्ही दोघे दाराच्या चौकटीत. पहिलाच अनारसा हसला. आजीने कपाळाला हात लावला, आई काही बोलली नाही, तिने तो चुरा झाऱ्याने गोळा करून ताटलीत काढला आणि ताटली आमच्याकडे सरकवली. कडेला करपट, मध्ये चिकट, गुळाचा पाक आणि तूप एकत्र मुरलेला तो चुरा गरम असताना जसा लागे तसा सुबक अनारसा कधीच लागला नाही, असे माझे आजही ठाम मत आहे. पुढचे अनारसे मात्र शहाण्यासारखे वागू लागले. आजी आकडे मोजू लागली तसतसे आमचे चेहरे उतरत गेले. तेहतिसावा चाळणीत उभा राहिला, आजी समाधानाने उठून देवघरात गेली आणि त्यानंतर राहिलेल्या पिठाचे जे पाच-सहा अनारसे आईने तळले, ते सगळेच्या सगळे हसले. आजी आतून म्हणाली, "तूप निवलं असेल गं." आई म्हणाली, "हो, तसंच दिसतंय."

पंचांगात दर १९ वर्षांनी अधिक महिना बहुधा पुन्हा त्याच नावाचा येतो. २००४ साली अधिक श्रावण आला तेव्हा माझे नुकतेच लग्न झाले होते आणि तांब्याच्या ताटातले दिव्यासह ३३ अनारसे माझ्या नवऱ्याला मिळाले. त्याने दोन खाल्ले आणि उरलेले सोसायटीत वाटले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

२०२३ सालच्या अधिक श्रावणात आई पुण्याला माझ्याकडे होती. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभी राहू न शकणारी, म्हणून मी खुर्ची स्वयंपाकघरातच आणून ठेवली होती. वाण देण्याचा काही प्रश्न नव्हता. मला फक्त तिच्या देखरेखीखाली एकदा सगळे पहिल्यापासून करायचे होते. तांदूळ पंख्याखाली वाळवला, पीठ मिक्सरमध्ये दळले, आणि दोन्ही गोष्टींबद्दल बोलणी खाल्ली. अनारसे मात्र उत्तम झाले. एकामागून एक, काठ न सोडता, जाळी फुलवत. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहत होते आणि ती कढईकडे पाहत होती.

शेवटचा गोळा हातात घेतला तेव्हा तिने विचारले, "एकही हसला नाही?"

"एकही नाही," मी म्हणाले.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग टोपलीतल्या केळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यातलं अर्धं कुस्कर या गोळ्यात. आणि गॅस बारीक कर."