आधी गणित, मग चिन्ह

सहावीतला भाचा काल वही घेऊन आला. ‘चौकटीत योग्य चिन्ह लिहा.’ ३७ + ४८ □ ३८ + ४६. लगेच बेरजा मांडायला लागला. म्हटलं, थांब, नुसतं बघ. एक संख्या एकाने वाढली, दुसरी दोनने घटली. मग उजवीकडची बाजू एकाने कमीच ना? त्याने > काढलं आणि स्वतःच हसला. मला तो क्षण फार आवडतो.

पुढे −७ □ −३. तिथे > लिहून मोकळा! शाळेत शिकवलेलं ‘मगरीचं तोंड मोठ्या संख्येकडे’ पाठ होतं, पण मोठी कोणती तेच कळेना. मग फरशीवर खडूने संख्यारेषा आखली. शून्यापासून डावीकडे सात फरश्या, नंतर तीन. ‘मावशी, सात तर जास्त मागे आहे!’ खोडरबर आपोआप हातात आलं.

४८ × २५ आणि ५० × २४ मात्र त्याला पटेना. दोन्ही १२००. इथे = हवं. १५५७ साली गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी हे चिन्ह वापरलं, कारण दोन समांतर रेषांइतकं सारखं काहीच नाही, असं त्यांना वाटलं. हे ऐकून त्याने दोन्ही रेषा पट्टीने आखल्या.