शून्य खपामागची रिकामी फळी

दुकानांतल्या वस्तूंच्या मागणीचा अंदाज बांधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझा सगळा जीव मॉडेलमध्ये, म्हणजे जुन्या खपावरून पुढचा खप सांगणाऱ्या गणितात होता. दोन वर्षांची बिलं, शेकडो वस्तू, रोजचा खप. महिनाभर खपून जे उभं केलं, ते एक्सेलमधल्या जुन्या सरासरीपेक्षा कमी चुकत होतं, म्हणून मी खुशीत. तेवढ्यात एका दुकानाच्या मॅनेजरांचा फोन आला, "अहो, तुमची सिस्टीम बल्ब मागवतच नाहीये. लोक विचारून परत जाताहेत."

डेटा उघडला. महिन्याचे पहिले १८ दिवस त्या बल्बचा खप रोज दोनच्या आसपास, एकूण ३६ नग. पुढचे १२ दिवस सलग शून्य. मॉडेलने मागणी आटली असं धरलं, ऑर्डर थांबवली, आणि माल नाही म्हणून पुन्हा शून्यच. माल संपल्याची शंका यावी, तर सिस्टीममध्ये ४ नग शिल्लक!

शेवटी दुकानात गेलो. फळीवर किमतीची पट्टी होती, बल्ब एकही नव्हता. मागच्या खोलीत परतीच्या खोक्यात ते चार नग सापडले. फुटलेले. साठ्यातून वजा करायचे राहून गेले होते.

मग माल नसलेल्या दिवसांचे शून्य काढून ती घरं कोरी ठेवली. ३६ ला ३० ने भागलं तर रोजचे १.२, १८ ने भागलं तर २. इतका फरक! पण कागदावर शिल्लक असलेला, फळीवर नसलेला माल ओळखायचा कसा? त्याला पॉइसनचं गणित कामी आलं. सरासरी माहीत असली की एखाद्या दिवशी किती नग जातील याची शक्यता ते सांगतं. रोज सरासरी २ नग जाणारी वस्तू एखाद्या दिवशी अजिबात न जाण्याची शक्यता साधारण १३.५ टक्के. सलग तीन दिवस न जाण्याची पाव टक्का. म्हणून कागदावर शिल्लक असूनही इतके दिवस न खपलेल्या वस्तूंची यादी आता रोज सकाळी दुकानात जाते आणि तिथली मंडळी फळीवर जाऊन मोजतात. पहिले काही दिवस कुरकुर झाली, साहजिकच.

लीड टाइमचीही, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या दिवसांचीही तीच गत. खरेदी विभाग छातीठोकपणे ९ दिवस सांगायचा. ऑर्डरची तारीख आणि माल उतरल्याची तारीख शेजारी मांडली. सरासरी खरंच ९, पण प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा चढउतार, ३ दिवसांचं. रोजच्या खपाचं विचलन दीड नग होतं. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलसाठी, म्हणजे नवा माल येईपर्यंत जुना न संपण्याची शक्यता ९५ टक्के राहावी म्हणून, नुसत्या खपातला चढउतार धरला तर सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा साठा) ८ नग येत होता, पुरवठादाराचा उशीर धरल्यावर १३. हा तक्ता मीटिंगमध्ये दाखवला तेव्हा खरेदीवाले जरा गप्पच झाले.

एक गाठ अजून सुटलेली नाही. त्याच १२ दिवसांत शेजारच्या जास्त वॅटच्या बल्बचा खप वाढलेला दिसतो. त्यातला त्याचा स्वतःचा किती आणि नाइलाजाने घेतलेला किती, हे सध्या एकेक बिल बघून हातानेच वेगळं करतोय.