निर्माता व्हायला पदवी कशाला?

मी चित्रपट आणि दूरचित्रवाणी निर्मिती या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे हे कळले की पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : “निर्माता म्हणजे पैसे घालणारा माणूस ना? मग त्यात दोन-दोन वर्षे शिकायचे तरी काय?” विचारणाऱ्यांत अर्ज करावा की नाही या विचारात असलेली मुले-मुली असतात, त्यांचे आईवडील असतात, आणि कधी कधी वर्षानुवर्षे सेटवर काम केलेली माणसेही असतात. घाईत दिलेल्या उत्तराने माझेच समाधान होत नाही. तुम्ही विचारलेत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पैसे घालतो तो गुंतवणूकदार. निर्माता म्हणजे गोष्ट हाती आल्यापासून ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचेपर्यंत, आणि त्यानंतर हिशेब मिटेपर्यंत, त्या कलाकृतीला बांधलेला माणूस. दिग्दर्शक येण्याआधी तो असतो आणि सगळे आपापल्या पुढच्या कामाला निघून गेल्यावरही तोच मागे उरतो. ऑस्करमधला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार दिग्दर्शकाला नव्हे तर निर्मात्यांना दिला जातो, हे अनेकांच्या लक्षातच आलेले नसते.

मला हे काम खऱ्या अर्थाने कळले ते पहिल्या सत्रातल्या एका तासाला. आमच्या हाती एका लघुपटाची पटकथा दिलेली होती. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, आणि नियोजनासाठी प्रत्येक पान आठ भागांत मोजायचे, एवढे नुकतेच सांगून झाले होते. एका ठिकाणी फक्त एवढेच लिहिलेले होते : ‘पहाट. पाऊस. पुलावरून एक लहान मुलगी अनवाणी धावत जाते.’ मी समासात पेन्सिलने ‘एक अष्टमांश’ असे लिहिले आणि पान उलटले. शिक्षिकांनी मला ते पान पुन्हा मागे घ्यायला लावले आणि त्या ओळीतला एकेक शब्द सुटा करून फळ्यावर मांडायला सांगितले.

पहाटेचा तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो, म्हणजे त्या वेळात होतील तेवढेच टेक, आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशीच्या पहाटेवर. पाऊस आपल्या वेळेला पडत नाही, म्हणून पाण्याचा टँकर आणि पाइप. आणि पडणारे थेंब कॅमेऱ्यात नीट दिसावेत म्हणून मागून टाकलेला प्रकाश. पुलासाठी परवानगी, वाहतूक अडवण्यासाठी माणसे. मुलगी लहान, म्हणून तिच्या कामाच्या तासांवर मर्यादा आणि सोबत पालक. फ्रॉक पहिल्याच टेकला भिजणार, म्हणून एकसारखे चार फ्रॉक, टॉवेल आणि जवळच एखादी उबदार खोली. ती अनवाणी धावणार, म्हणून त्या आधी पूल झाडून काचा आणि खडे वेचणारी दोन माणसे. ही शेवटची गोष्ट मला सुचली नव्हती. वर्गातल्या दुसऱ्या एकाला सुचली, आणि मला ते मनापासून लागले, कारण त्या मुलीच्या पायांचा विचार करणे हे माझे काम होते.

एवढे सगळे मांडून झाल्यावर मी म्हटले, की हा प्रसंग परवडणारा नाही, तो काढून टाकू. त्यावर बाईंनी विचारले, “हा पाऊस या गोष्टीत नेमके काय करतो आहे?” आम्ही पुढची पाने पुन्हा वाचली. तीन पानांनंतर मुलीची आई घरातल्या फरशीवर उमटलेली ओली पावले पाहते आणि मुलगी रात्री बाहेर गेली होती हे तिला तिथे कळते. म्हणजे गोष्टीला पडता पाऊस नको होता, ओला रस्ता हवा होता. पाऊस नुकताच थांबला आहे एवढा बदल केला, की पाइप, मागचा प्रकाश आणि तीन फ्रॉक एकदम गळतात, आणि त्या रिकाम्या, चकाकत्या पुलावर मुलीच्या पावलांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ज्याची ती पटकथा होती त्या दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला हा बदल आम्ही सुचवला, तेव्हा त्याने तो आनंदाने स्वीकारला, कारण दृश्य पहिल्यापेक्षा चांगले झाले होते. खर्चाचा प्रश्न बहुतेक वेळा गोष्टीचाच प्रश्न असतो. निर्मात्याला पटकथा वाचता आली पाहिजे ती या अर्थाने, आणि ही दृष्टी आपसूक येत नाही. ती कोणीतरी शेजारी बसून घडवावी लागते.

बजेट, शेड्यूल, कॉल शीट (म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी, कुठे, किती वाजता हजर राहायचे याचा कागद), दैनंदिन खर्चाचा अहवाल ही सगळी त्याच वाचनाची पुढची रूपे आहेत. ती सॉफ्टवेअरवर करायला महिनाभरात जमते, त्याविषयी फार लिहीत नाही. हक्कांच्या कागदपत्रांचे मात्र तसे नाही. अमेरिकेत 1968 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाचे नाव वितरकाने आयत्या वेळी बदलले आणि नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्व हक्काची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या तिथल्या कायद्यानुसार ती ओळ आवश्यक असल्याने तो चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला आणि कोणालाही तो दाखवण्याची मोकळीक मिळाली. वर्गात हे ऐकताना आम्ही हळहळलो, आणि तरीही अभ्यासक्रमाच्या शेवटी करायच्या माझ्या पदविका-चित्रपटात मी तशाच जातीची चूक केली. एका प्रसंगात रेडिओवर जुने गाणे वाजत होते. ध्वनिमुद्रणाच्या मालकांची लेखी परवानगी मी घेतली होती, पण मूळ संगीतरचनेचे हक्क वेगळे असतात आणि ते दुसऱ्याच कोणाकडे असू शकतात, हे माहीत असूनही मी तो दुसरा कागद मिळवला नव्हता. एका महोत्सवाने कागदपत्रे मागितली तेव्हा हे उघड झाले. गाणे काढावे लागले, त्या प्रसंगाचे ध्वनिमिश्रण नव्याने करावे लागले, आणि तोवर प्रवेशिकेची मुदत संपली. माझ्या दिग्दर्शिकेने दोन वर्षे त्या चित्रपटावर घालवली होती. तिला हे समोरासमोर सांगणे मला फार जड गेले.

दूरचित्रवाणीचा भाग अनेकजण दुय्यम समजतात, ते मला पटत नाही. चित्रपट एकदाचा पूर्ण होतो, मालिका मात्र प्रसारणाच्या तारखेला बांधलेली असते आणि ती तारीख हलत नाही. तिथे मालिकेचे पर्व सुरू होण्यापूर्वीच पात्रे, त्यांचा पूर्वेतिहास आणि कथेची दिशा लिहून ठेवलेली असते, लेखकांचा गट एकत्र बसून भाग रचतो, आणि पहिल्या भागातले व सहाव्या भागातले प्रसंग एकाच लोकेशनवर असतील तर ते एकाच दिवशी चित्रित करावे लागतात.

चित्रपटात घातलेला पैसा परत येण्याचा क्रमही मला वर्गातच नीट समजला. तिकिटांतून आलेल्या रकमेतला चित्रपटगृहाचा वाटा, मग वितरकाचे कमिशन आणि त्याने केलेला प्रसिद्धीचा खर्च, मग कर्जाची परतफेड, मग गुंतवणूकदारांचे मुद्दल, आणि त्यानंतर उरले तर निव्वळ नफ्याचे वाटेकरी. साधारण हा क्रम असतो. कमी मानधनावर काम करून नफ्यात वाटा घ्यायला तयार झालेला कलाकार या रांगेत कुठे उभा आहे हे त्याला करारावर सही करण्यापूर्वी प्रामाणिकपणे सांगणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे, असे मी मानते.

मग ही पदवी घ्यावी का? अमेरिकेतली एएफआय (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट) कॉन्झर्व्हेटरी, ब्रिटनमधले नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल, कोलकात्याचे सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी निर्मिती ही स्वतंत्र शाखा म्हणून शिकवली जाते, पण या व्यवसायात प्रमाणपत्र कोणी मागत नाही. प्रॉडक्शन असिस्टंटपासून सुरुवात करून उत्तम निर्माते झालेली माणसे भरपूर आहेत. केवळ ओळखी व्हाव्यात म्हणून कर्ज काढून जाऊ नका, असे मी स्पष्ट सांगते. ओळखी सेटवरही होतात. जाण्यापूर्वी वर्षभर तरी एखाद्या युनिटमध्ये काम केलेले असावे, नाहीतर वर्गातले निम्मे बोलणे डोक्यावरून जाते. जे सेटवर सहसा मिळत नाही ते म्हणजे थांबून विचार करण्याची मुभा. तिथे पहाटेचा उजेड चालला असताना ‘हा पाऊस काय करतो आहे’ असे विचारायला कोणाला वेळ नसतो.

तरीही मन ठरत नसेल, तर एखादी पटकथा मिळवा आणि तिची पहिली दहा पाने घ्या. प्रत्येक प्रसंग किती अष्टमांश आहे ते समासात लिहा. माणसे, जागा, वस्तू, कपडे, वेळ, प्राणी, वाहने, आवाज यांची वेगवेगळ्या रंगांनी नोंद करा. ज्या वस्तूचा पटकथेत उल्लेख नाही पण जी असल्याशिवाय प्रसंग घडणार नाही, ती वेगळ्या कागदावर लिहा. या कामाला एक पूर्ण दिवस लागेल. तो दिवस कसा गेला ते मला कळवा, मग अर्जाविषयी बोलू.