ग्वेन स्टेसीचा जीव नेमका कशाने गेला?

ग्वेन ही स्पायडर-मॅनची, म्हणजे पीटर पार्करची प्रेयसी. तिच्या मृत्यूची कथा सांगणारे 'अमेझिंग स्पायडर-मॅन' या कॉमिकचे १२१ आणि १२२ हे अंक जून-जुलै १९७३चे. लेखक जेरी कॉनवे, तेव्हा जेमतेम विशीतला; पेन्सिलने काढलेली चित्रं गिल केनची, त्यावरची शाई जॉन रोमिटा आणि टोनी मॉर्टेलारो यांची. कथानक चार ओळींचं. पीटरच्या मित्राचा, हॅरीचा बाप नॉर्मन ऑस्बॉर्न याला आपण ग्रीन गॉब्लिन हा खलनायक असल्याचं पुन्हा आठवतं, तो ग्वेनला पळवून पुलाच्या मनोऱ्यावर नेतो आणि ग्लायडरच्या, म्हणजे आपल्या उडत्या वाहनाच्या धडकेने खाली पाडतो. स्पायडर-मॅन जाळं सोडून तिचे पाय पकडतो, वर ओढतो, स्वतःच्या शक्तीवर खूशही होतो. हातात येतं ते प्रेत.

पुलाचा घोळ आधी संपवू. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हटलंय, चित्रात मात्र दगडी मनोरा आणि टोकदार कमानी, म्हणजे ब्रुकलिन ब्रिज. जॉर्ज वॉशिंग्टनचे मनोरे पोलादी जाळीचे आहेत.

आता तिच्या मृत्यूची चित्रचौकट. जाळं पायाला लागतं त्याच क्षणी ग्वेनच्या मानेजवळ बारीक अक्षरांत 'स्नॅप' लिहिलंय. घाईत वाचलं तर नजरेतून सुटतं. गॉब्लिन म्हणतो, जाळं पोचण्याआधीच ती मेली होती, एवढ्या उंचीवरून पडताना कुणीही मरेल. हे साफ खोटं. स्कायडायव्हर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पडतात आणि शुद्धीत असतात.

हिशेब सोपा आहे. हवेचा विरोध सोडला, तर थांबताना बसणारा सरासरी हिसका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, हे काढायला पडलेलं अंतर भागिले थांबायला मिळालेलं अंतर. ब्रुकलिनचा मनोरा पाण्यापासून सुमारे ८४ मीटर उंच. त्यातले ६० मीटर ती पडली असं धरू: साडेतीन सेकंद, वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. जाळ्याने तिला २ मीटरमध्ये थांबवलं तर हिसका ३० पट. त्यात पकड पायाला, डोकं खाली. पाच किलोचं डोकं त्या क्षणी दीडशे किलोच्या ओझ्यासारखं मान खेचतं. हेच थांबणं २० मीटरवर पसरलं असतं, तर हिसका गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पटच. म्हणजे ताणलं जाणारं, सैल सुटत जाणारं जाळं हवं होतं, किंवा स्वतः उडी मारून, तिच्या वेगाने पडत, कमरेला धरून हळूहळू वेग कमी करायला हवा होता. साडेतीन सेकंदांत हे सुचणं कठीण, हेही खरं.

पुढे १२५व्या अंकात वाचकांच्या पत्रव्यवहारात संपादकीय खुलासा आला: जाळ्याने एकदम थांबवल्याचा झटकाच तिला भोवला. खुलासा झाला ते बरं, पण त्याची गरज नव्हती. चौकटीत सगळं आहे.

कथेची कमजोर बाजू म्हणजे ग्वेनचं पात्रच. पुलावर ती सबंध वेळ बेशुद्ध, तोंडी एक शब्द नाही. १९६५पासून मालिकेत असलेल्या पात्राला नायकाला दुःख देण्यापुरतं वापरलंय. त्यामानाने १२२मधलं पीटरच्या मैत्रिणीचं, मेरी जेनचं शेवटचं पान कितीतरी सकस: पीटर तिला हाकलतो, ती दारापर्यंत जाते आणि दार लावून आतच थांबते. गॉब्लिनचा मृत्यूही त्याच अंकात, स्वतःच्याच ग्लायडरने.

वाचायचं तर आधी ९६ ते ९८ वाचा. हॅरीचं व्यसन तिथे सुरू होतं. १९७५मध्ये ग्वेनची क्लोन परत आणणारे १४४ ते १४९ नाही वाचले तरी काही बिघडत नाही.