आमची वाटचाल : एफ३ अजून तिथेच आहे

२००५ साली कोल्हापुरात दहा बाय बाराच्या खोलीत आमचा स्टुडिओ सुरू झाला, तेव्हा टेबलावर सतरा इंची काचेचा मॉनिटर होता आणि त्यावर क्युबेस एसएक्स ३, म्हणजे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. १०२४ बाय ७६८ पिक्सेलमध्ये एका वेळी एकच काय ते नीट दिसायचं, ट्रॅक नाहीतर मिक्सर. एफ३ दाबायचं, मिक्सर समोर; पुन्हा एफ३, मिक्सर गायब. त्यानंतर आवृत्त्या बदलल्या, रंग बदलले, इकडची बटणं तिकडे गेली. एफ३ मात्र जागचं हललं नाही. स्टुडिओचा वेग प्रोसेसरपेक्षा अशा न हललेल्या गोष्टींवर जास्त टिकतो, हे आमचं मत वीस वर्षांच्या बिलांवरून बनलंय.

आमचं मुख्य काम अभंग, भक्तिगीतं, गणपतीची गाणी आणि लावण्या. यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते गायनाचं जोडकाम, म्हणून तिथूनच सांगतो.

सुरुवातीच्या काळात चार-पाच टेक (तेच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंग) एकाच ट्रॅकवर एकाखाली एक, वेगवेगळ्या ओळींत म्हणजे लेनमध्ये, घ्यायचे. नियम असा, की सगळ्यात खालच्या लेनमधला टेक वाजणार. दुसऱ्या टेकमधला एखादा शब्द हवा असला, तर त्याच्या खालचे तिन्ही टेक कात्रीने कापायचे आणि ते तुकडे म्यूट टूलने बंद करायचे. चार कडव्यांच्या अभंगात दीड-दोनशे तुकडे सहज व्हायचे. एखादा म्यूट करायचा राहिला, की कुठल्या लेनचा आवाज येतोय ते शोधण्यात दहा मिनिटं गेलीच. २०१२ साली क्युबेस ६.५ मध्ये कॉम्प टूल आलं आणि हे सगळं उलटं झालं. त्या टूलने जेवढा पट्टा ओढाल, तेवढा सगळ्या लेनवर एकाच जागी कापला जातो. ज्या तुकड्यावर क्लिक कराल तो वर येतो, बाकीचे आपोआप गप्प बसतात. ॲपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००७ च्या आठव्या आवृत्तीतच आली होती.

कुठे कापायचं, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. क, त, प अशा स्फोटक व्यंजनाच्या किंचित आधी कापलं तर जोड ऐकू येत नाही, पाच-सात मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढवणं) पुरतो. 'स' आणि 'श' वर कापू नये, दोन टेकमधली सळसळ वेगळी असते. श्वास पुढच्या ओळीचा असतो, त्याला मागच्या ओळीकडे ठेवलं की गाणारा मध्येच दचकल्यासारखा वाटतो. आणि मींड सुरू असताना कात्री लावायचीच नाही. दोन टेकच्या सुरात थोडाही फरक असला, तरी लांब क्रॉसफेडमध्ये दोन्ही सूर एकत्र वाजतात आणि आवाज थरथरतो.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. जोडणं सोपं झालं तसे टेक वाढले, पाचाचे बारा झाले. कापायचा वेळ वाचला, पण बारा वेळा ऐकायचा वेळ वाढला. शिवाय गायक दमल्यावरचे शेवटचे चार टेक सहसा कामाला येतच नाहीत. आता टेम्प्लेटमध्येच (नव्या कामाच्या तयार साच्यात) सूचना लिहिली आहे : सलग पाच टेक, पुढचं सगळं पंच करून, म्हणजे हवा तेवढाच भाग पुन्हा गाऊन.

२०१४ च्या अखेरीस आलेल्या क्युबेस ८ पासून विंडोजवर खिडक्या मुख्य चौकटीतून सुटल्या आणि मिक्सर मनासारखा दुसऱ्या स्क्रीनवर नेता आला. दोन वर्षांनी नववी आवृत्ती आली. तिने सगळं परत एकाच खिडकीत गोळा केलं : डावीकडे ट्रॅकची माहिती, उजवीकडे वाद्यं आणि फाइली, खाली एडिटर आणि मिक्सर. लॅपटॉपवर काम करणाऱ्यासाठी हे उत्तमच. दोन स्क्रीनवाल्याला मात्र अडचण होते. मिडी पार्टवर (आवाज नव्हे, फक्त सुरांच्या सूचना साठवणाऱ्या तुकड्यावर) डबल क्लिक केलं की पियानो रोल, म्हणजे ते सूर बदलायचा तक्ता, खालच्या अर्ध्या-पाऊण वितीत उघडतो. सतारीचे पिच बेंड (सूर वरखाली करणाऱ्या रेषा) त्या उंचीत ओढायचे, म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर ओवणं. खालच्या पट्टीतला मिक्सरही एका वेळी फेडर (आवाजाची पट्टी), इन्सर्ट किंवा सेंड (इफेक्ट लावायच्या जागा) यांतलं एकच काहीतरी दाखवायचा. उपाय प्रेफरन्सेसमधल्या एडिटर्स या पानावर आहे : डबल क्लिकने एडिटर वेगळ्या खिडकीत उघडायला सांगा. मग स्क्रीनवरच्या मांडण्या वर्कस्पेस म्हणून साठवून ठेवा. ऑल्ट धरून नमपॅडचा (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांतला) १ दाबला की रेकॉर्डिंगची मांडणी, २ दाबला की एडिटिंगची, ३ ला मिक्सिंगची. यासाठी कीबोर्डला नमपॅड हवाच. बऱ्याच लॅपटॉपवर तो नसतो आणि प्ले, रेकॉर्ड, लोकेटर सगळंच बिचकतं. वेगळा नमपॅड चार-पाचशे रुपयांत येतो, तो घ्यावा.

त्याच नवव्या आवृत्तीत ३२ बिट प्लगइन (इफेक्ट आणि वाद्यांचे बाहेरून जोडायचे, जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम) बंद झाले. दिसण्यातल्या बदलाची सवय होते, या बदलाची होत नाही : प्रोजेक्ट उघडतं, पण रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) जागी रिकामा कप्पा. म्हणून जुनी आवृत्ती काढून टाकू नये, नवी तिच्या शेजारी बसते. जुन्या आवृत्तीत प्रोजेक्ट उघडून प्रत्येक ट्रॅक एकदा कोरडा आणि एकदा इफेक्टसह वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवावा. आठव्या आवृत्तीपासून रेंडर इन प्लेस आहे, त्याने हे एका फटक्यात होतं. ४८ ट्रॅकच्या अभंगाला ही अर्ध्या तासाची मेहनत आहे. ती न करता पाच वर्षांनी 'फक्त आवाज थोडा वर करून द्या' असं काम आलं, की अख्खा दिवस जातो.

काही बदल गुपचूप येतात. क्युबेस ९.५ मधला मेट्रोनोम, म्हणजे वादकाला लय देणारी टकटक (क्लिक), त्यातला. आधी क्लिक पहिल्या मात्रेला जोरात आणि बाकीच्यांना हळू वाजायची. केरवा-दादऱ्याला ते चालून जातं, रूपकाला नाही. रूपकाच्या सात मात्रा, ३-२-२ अशा. पण ती ती ना, धी ना, धी ना यात सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या हलक्या मात्रेवर आहे. पहिल्या मात्रेवर टणत्कार झाला की तबलजीचा हात तिथे भरीव पडायला बघतो आणि ठेक्याचा स्वभावच बदलतो. आता मेट्रोनोम सेटअपमध्ये प्रत्येक मात्रेची पातळी वेगळी ठेवता येते. आम्ही रूपकाला चौथी आणि सहावी मात्रा मोठी ठेवतो, पहिलीला वेगळा पण मऊ आवाज देतो. झपतालात पहिली, तिसरी, आठवी मोठी आणि सहावी मऊ. वादकाला समजावून सांगावं लागत नाही, तो ऐकतो आणि बसतो.

वारकरी चालीच्या अभंगाला क्लिकच देत नाही. लय मिनिटाला ८० मात्रांना सुरू होऊन गजरापर्यंत १२० च्या पुढे जाते, त्यातच तर मजा आहे. पखवाज, वीणा, टाळ मोकळे वाजवून घ्यायचे आणि नंतर टेम्पो डिटेक्शन (रेकॉर्डिंग ऐकून लय ओळखणारी सोय) चालवायचं. त्याला टाळाचा ट्रॅक देऊ नका, टाळाचा नाद पुढच्या ठोक्यात मिसळतो. पखवाजाच्या शाईच्या बाजूचा माइक द्या. लय दुप्पट किंवा निम्मी निघाली तर पॅनेलवर दोनने गुणायचं-भागायचं बटण आहे. त्याआधी ट्रॅकवरचं चिन्ह बघा : घड्याळ हवं, नोट नको. नोटेचं चिन्ह असताना टेम्पो हलवला, की रेकॉर्ड केलेले तुकडे टेम्पोमागे सरकतात आणि टाळ-पखवाजाची फाटाफूट होते.

गणपतीच्या आधी येणारी निम्मी कामं एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली असतात. २०१५ ची बारावी आवृत्ती लहान-मोठी करता येणारी आली आणि २०१८ ला आकडा थेट २० वर गेला. विसाव्या आवृत्तीपासून गाण्याच्या मध्येच मात्रा बदलता येतात. त्याआधी अख्ख्या प्रोजेक्टला एकच हिशोब असायचा. ही कामं आणणाऱ्या पोरांना आम्ही एवढंच सांगतो : प्रोजेक्ट नको, ट्रॅक सुटे करून आणा. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र मिक्सर ट्रॅक द्या, नाहीतर ढोल, ताशा, कीबोर्ड सगळं मास्टरच्या एकाच फाइलीत येतं. रेंडर करताना स्प्लिट मिक्सर ट्रॅक्सवर खूण, २४ बिट, आणि टेल या रकान्यात लीव्ह रिमेंडर, म्हणजे शेवटचा नाद पूर्ण विरू द्यायचा. तिथे रॅप राहिलं तर शेवटच्या 'मोरया'चा एको गाण्याच्या पहिल्या सेकंदाला ऐकू येतो.

स्क्रीनचं थोडक्यात. २७ इंची फोर-के लावून पाहिली. क्युबेस छान दिसलं, जुने प्लगइन काडेपेटीएवढे झाले आणि नॉब पकडता पकडेना. शेवटी २५६० बाय १४४० च्या दोन स्क्रीन, विंडोज स्केलिंग १०० टक्के. डोळे आणि माउस दोन्ही सुखी.

यूएसबी डोंगल, म्हणजे क्युबेसचं लायसन्स असलेली कॉम्प्युटरला लावायची किल्ली, तीही आता गेली. बाराव्या आवृत्तीपासून लायसन्स खात्यावर असतं आणि तीन कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे एडिटिंगच्या खोलीतून डोंगल काढून रेकॉर्डिंगला न्यायची धावपळ थांबली. आमच्या दृष्टीने कुठल्याही नव्या मिक्सरपेक्षा हा बदल मोठा.

नवी आवृत्ती चढवायची ती पितृपक्षात. आषाढीची भक्तिगीतं, मग गणपती, पुढे नवरात्र. मधल्या पंधरवड्यात नव्या गाण्याचा मुहूर्त कोणी करत नाही. पहिल्या दिवशी की कमांडची (कीबोर्ड शॉर्टकटची) फाइल आणि टेम्प्लेट बाहेर काढून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती, आणि तीन जुन्या प्रोजेक्टच्या प्रती नव्या नावाने उघडायच्या. मूळ फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह करायची नाही, परतीच्या वाटेवर काय गळेल याचा भरवसा नसतो. मग दोन दिवस स्वतःचंच काहीतरी रेकॉर्ड करायचं, बफर (आवाज कॉम्प्युटरमधून जाताना थांबतो तो साठा) १२८ वर ठेवून. गायक म्हणतो 'आवाज मागून येतोय', तेव्हा बहुतेक वेळा मास्टरवर एखादं जड प्लगइन राहिलेलं असतं; कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन (उशीर करणारी प्लगइन तात्पुरती बाजूला ठेवणारं बटण) दाबलं की सुटतं. नव्या आवृत्तीत ते बटण दिसलं नाही तर घाबरू नका, टूलबारवर राइट क्लिक करा, यादीत सापडेल.

चौदाव्या आवृत्तीत मिक्सरचे चॅनेल ओढून जागा बदलता येते. अजून आमच्या टेम्प्लेटमध्ये पखवाज नवव्या चॅनेलवर आहे, कारण माइक कॉम्प्युटरला जोडायच्या २००५ च्या इंटरफेसवर पहिली आठ इनपुट गायकांसाठी राखलेली होती. यंदाच्या पंधरवड्यात तो पहिल्यावर आणायचा, असं यादीत लिहून ठेवलंय.