मॉरिसच्या नक्ष्या जुन्या का होत नाहीत

इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने काही मित्रांच्या साथीने १८६१ मध्ये लंडनला घरसजावटीच्या वस्तूंची पेढी काढली आणि १८७५ मध्ये तिची सगळी सूत्रे स्वतःच्या हाती घेऊन तिचे नाव ‘मॉरिस अँड कंपनी’ केले. व्हिक्टोरियन काळातील असंख्य वॉलपेपर आणि छापील कापडे विस्मरणात गेली. या कंपनीचा ‘विलो बाउ’ हा वॉलपेपर आणि ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड यांच्या नक्ष्या मात्र आजही छापल्या आणि विकल्या जातात. याचे श्रेय लोक बहुधा निसर्गाच्या ओढीला देतात. मला ते कारण अपुरे वाटते, कारण पानाफुलांच्या नक्ष्या त्या काळी अनेकजण छापत होते.

खरी करामत रचनेत आहे. वॉलपेपरवर एकच आकृती पुन्हा पुन्हा येते आणि चार दिवसांत डोळा तिचा सांधा शोधून काढतो. एकदा तो सापडला की भिंतीचा कंटाळा येऊ लागतो. ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा पूर्ण झाल्या की ठिपके नजरेआड होतात, तशी मॉरिसची चौकट फांद्यांच्या वळणांत लपलेली असते. आरंभीच्या ‘ट्रेलिस’मध्ये, म्हणजे १८६२ च्या आराखड्यात, ही चौकट लाकडी जाळीच्या रूपात उघड दिसते आणि तिच्यावरचे पक्षीही वास्तुकार फिलिप वेबने काढलेले आहेत. १८८७ च्या ‘विलो बाउ’पर्यंत येताना मात्र जाळी नाहीशी झाली आहे आणि डहाळ्याच तिचे काम करताना दिसतात.

दुसरे कारण रंगाचे. बाजारातल्या कृत्रिम रंगांचा मॉरिसला तिटकारा होता, म्हणून इंग्लंडमधील लीक गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत तो स्वतः हौदापाशी उभा राहून वनस्पतिरंगांचे प्रयोग करत असे. (याच मॉरिसच्या पेढीच्या सुरुवातीच्या वॉलपेपरांत आर्सेनिकयुक्त हिरवा रंग होता आणि आर्सेनिक काढणाऱ्या खाणीत त्याच्या घराण्याचे भाग होते, हेही विसरू नये.) १८८१ मध्ये त्याने वॉन्डल नदीकाठी मर्टन ॲबी येथे कारखाना थाटला आणि तिथे निळीची अवघड छपाई हाती घेतली. आधी सगळे कापड निळीत बुडवायचे, मग लाकडी ठशांनी विरंजक लावून हव्या त्या जागी निळा रंग उतरवायचा आणि त्या मोकळ्या जागांत लाल व पिवळा भरायचा, असा तो क्रम. मॉरिसच्या केल्मस्कॉट येथील घराच्या बागेत स्ट्रॉबेरी पळवणारे थ्रश पक्षी १८८३ च्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’मध्ये ज्या गडद निळाईतून वर येतात, ती निळाई अशी वरून लावलेली नसून कापडात मुरलेली आहे.

एवढ्या खटाटोपाचे कापड अर्थातच महाग पडे. त्याच वर्षी मॉरिस समाजवादी चळवळीत दाखल झाला आणि श्रीमंतांच्या चैनीची चाकरी आपल्याला करावी लागते, याची बोच त्याला कायम राहिली. त्याआधी, १८७९ मध्ये, बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात त्याने इंग्रजी व्यापारामुळे हिंदुस्थानातील हस्तकला कशा नष्ट होत आहेत, याबद्दल आपल्याच देशबांधवांना सुनावले होते. कारागिराविषयीचा हा आदर त्याच्या कापडातही उतरला आहे, असे मी मानतो.

१८९६ मध्ये मॉरिस गेला आणि १९४० मध्ये कंपनीही बंद पडली. वॉलपेपरचे ठसे आणि हक्क सँडरसन या वॉलपेपर कंपनीने घेतले, म्हणून हे नाव आज त्यांच्या छत्राखाली चालते. मूळ नक्ष्यांचा स्वामित्वहक्क संपल्यामुळे कप, पिशव्या आणि उश्यांवर त्या कुणीही छापतो, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र हल्ली फिकट करड्या छटांत काढलेल्या आवृत्त्या मला पटत नाहीत. नीळ काढून घेतली की पाने आणि पक्षी एकाच पातळीवर येतात आणि उरतो तो नुसता नकाशा.